मनी ट्रीची पानं उन्हाळ्यात गळतात आणि पावसाळ्यात खोड मऊ पडतं: खान्देशातल्या घरांत हे दर वर्षी का होतं आणि काय करायचं

तक्रार साधारण एकाच ठशाची असते. दिवाळीला किंवा वास्तुशांतीला कुणीतरी वेणी घातलेल्या खोडाचं मनी ट्री भेट देतं. हिवाळाभर ते बरं दिसतं. होळी झाली की खालची पानं पिवळी पडायला लागतात, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) निम्मी गळतात. घरातले पाणी वाढवतात. मध्येच शेंड्याला थोडी पालवी फुटते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि मृगाचा पाऊस पडून गेला की झाड एका बाजूला कलतं. हात लावून बघावं तर खोड बुडाशी मऊ लागतं. पुढच्या दिवाळीला नवं झाड येतं आणि तोच खेळ परत. धुळ्याकडच्या एका काकांनी मला झाडाचा फोटो पाठवून लिहिलं होतं, "भो, पानी त रोज टाकस, तरी पानं गयतस." दुखणं काय ते त्या पहिल्या अर्ध्या वाक्यातच आलं.

उन्हाळ्यातली पानगळ आणि पावसाळ्यातलं खोड सडणं हे बहुतेक घरांत दोन वेगळे आजार नसतात. एकच आजार असतो. तो कुंडीच्या आत, मुळांपाशी सुरू होतो आणि पानांवर दिसायला दीड-दोन महिने घेतो. म्हणून पानांकडे बघून केलेला इलाज थोडे दिवस पुरतो आणि पुढच्या वर्षी दुखणं परत दारात उभं.

आधी झाड कोणतं ते नक्की करा, कारण नर्सरीत गोंधळ होतो. बाटलीत किंवा खांबावर चढवतात ती वेल म्हणजे मनी प्लांट, ती इथे विषय नाही. मनी ट्री म्हणजे पचिरा अ‍ॅक्वाटिका. एका देठावर पाच ते सात लांबट पानं, हाताच्या पंजासारखी पसरलेली, आणि बुडाशी फुगीर खोड. मूळचं हे दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर ब्राझीलपर्यंतच्या नदीकाठच्या दलदलीतलं झाड, तिथे चांगलं उंच वाढतं. तीन-पाच कोवळी खोडं एकत्र विणून विकायची पद्धत तैवानमधली, १९८० च्या दशकातली. आपल्याला ओळखीचं म्हणजे त्याचं कूळ: कपाशी, भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि सातपुड्यातली काटेसावर यांच्याच घरातलं हे. सावरीचं पान हातात धरून मनी ट्रीच्या पानाशेजारी ठेवा, नातं लगेच कळेल. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण याच्यावर आनंदाने का बसतो तेही कळेल.

दलदलीतलं झाड म्हटल्यावर लोक हात मोकळा सोडून पाणी घालतात. दलदलीत भरपूर ऊन असतं, पाणी हलतं, मुळांना पसरायला जागा असते. हॉलच्या कोपऱ्यातल्या आठ इंची कुंडीत यातलं काहीच नाही. तिथे साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, मुळं गुदमरतात आणि सडवणाऱ्या बुरशींचं फावतं. पाणी आणि माती जितकी गरम तितका त्यातला प्राणवायू कमी, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. त्यातच कोरड्या हवेत दुपारी झाड पानांची रंध्रं मिटून घेतं, म्हणजे पाणी पिणं कमी करतं. आपण मात्र "किती ऊन आहे" म्हणत तांब्यावर तांब्या ओततो.

नळ आला की कुंडीला पाणी

आपल्याकडच्या पाणी घालण्याच्या सवयी झाडाच्या तहानेवर ठरत नाहीत, नळावर ठरतात. खान्देशातल्या बऱ्याच शहरांत रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, हंडे, पिंप भरून झालं की उरलेलं कुंड्यांना. मधल्या दिवसांत कुणाच्या तरी मनात येतं, झाड सुकलं असेल, म्हणून भांडी विसळलेलं थोडं पाणी. आखाजीला माहेरी जायचं असेल तर निघताना कुंड्या तुडुंब भरायच्या, खालच्या ताटलीतसुद्धा पाणी साठवायचं. तुळस किंवा जास्वंद गच्चीवर हे सगळं सोसतात. घरातलं मनी ट्री सोसत नाही. फुगीर खोडात त्याने आधीच पाणी साठवलेलं असतं. आठ-दहा दिवस घर बंद राहिलं तर हे झाड मरत नाही, निघताना भरलेल्या ताटलीने मरतं.

किती दिवसांनी पाणी घालायचं याचा ठरीव आकडा नाही. तरी अंदाज हवाच असेल तर: मातीची आठ इंची कुंडी, निचऱ्याचं मिश्रण आणि खिडकीजवळची जागा असेल तर मे महिन्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत त्याहून उशिरा. प्लास्टिकची कुंडी असेल तर यात आणखी दिवस वाढवा. खात्रीचा मार्ग म्हणजे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी. ती कुंडीत बोटभर खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर होऊन माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी आली तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला आणि ताटलीतलं पाणी लगेच ओतून टाका. रोज अर्धा पेला, ही सगळ्यात वाईट पद्धत. वरची माती कायम ओली राहते आणि क्षार कधीच धुऊन जात नाहीत.

निदान: अंगठा, वजन, वास

पिवळं पान पाहिलं की पाणी वाढवू नका, आणि लगेच बंदही करू नका. आधी खोड दाबा. वेणीतलं प्रत्येक खोड वेगळं, मातीलगत, अंगठ्याने. निरोगी खोड कच्च्या कैरीसारखं टणक लागतं. सडलेलं खोड आत जातं, साल सुरकुतते आणि कधी कधी सालीखालून तपकिरी पाणी येतं. तीन-चार खोडांपैकी एकच मऊ असेल तर बातमी अजून बरी आहे.

मग कुंडी उचला. खोड टणक, पानं पिवळी, कुंडी जड: पाणी जास्त झालंय, पण वेळ आहे. खोडावर उभ्या सुरकुत्या, पानांच्या कडा कुरकुरीत, कुंडी अगदी हलकी: हे खरोखर तहानलेलं झाड. तहानलेल्याची एक फसवी तऱ्हा आपल्याकडे फार दिसते. पाणी घातलं की क्षणात खालून निघून जातं, त्यामुळे वाटतं निचरा झकास आहे. प्रत्यक्षात काळी माती वाळून आक्रसलेली असते, कुंडीच्या भिंतीपासून सुटलेली असते, आणि पाणी त्या फटीतून पळतं. कपाशीच्या वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच मातीचा हा गुण. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत काठाच्या थोडं खालपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवा, मग नीट निथळू द्या.

मऊ खोड सापडलं किंवा मातीला गटारासारखा आंबूस वास येत असेल तर झाड कुंडीतून काढावंच लागतं. कुंडी आडवी करून भिंतींवर थापट्या मारा, झाड खोडाच्या बुडाशी धरून ओढा. बाहेरची माती झाडली की आत काय निघतं ते बघण्यासारखं असतं. वरची दोन बोटं माती लाल, तिच्याखाली काळी चिकण, आणि मधोमध मुठीएवढा कोकोपीटचा गोळा, बऱ्याचदा प्लास्टिकच्या जाळीत गुंडाळलेला. रोप लहान असताना ज्या जाळीत वाढवलं होतं ती तशीच राहिलेली असते. बाहेरची माती कोरडी ठणठणीत असते आणि तो गोळा दाबला तर पाणी गळतं. तुमचं बोट फक्त वरच्या मातीला विचारत होतं, मुळं राहत होती गोळ्यात. काही झाडांना वेणी सुटू नये म्हणून बुडाशी रबर किंवा तार बांधलेली असते. खोड जाड झालं की ती सालीत रुतते, आणि रुतल्या जागेवरून सड सुरू होते. जाळी आणि तार दोन्ही कापून काढा.

मुळं पांढुरकी किंवा फिकट तपकिरी आणि ताणल्यावर टिकणारी असतील तर चांगली. काळी पडलेली, बोटात धरून ओढली की साल सुटून आतला दोरा उरतो ती मेलेली. ती सगळी कापा. ब्लेड किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक काप झाल्यावर परत पुसा. वेणीतलं सडलेलं खोड हळूच सोडवून पूर्ण काढून टाका. वेणीची शोभा जाते म्हणून लोक ते ठेवतात, आणि महिन्याभरात शेजारचं खोडही जातं. शोभा गेली तरी चालेल.

पुन्हा लावताना

कापलेलं झाड लगेच लावू नका. सावलीत, हवेशीर जागी एक दिवस तसंच ठेवा, कापलेल्या जागा वाळू द्या. मुळं कमी झाली असतील तर नवी कुंडी आधीपेक्षा लहान घ्या. मोठ्या कुंडीत झाड मोठं होतं ही समजूत इथे उलटी पडते. मुळं थोडी आणि माती भरपूर असली की ती माती आठवडाभर ओलीच राहते. मातीची, बिनरंगाची, खाली मोठं भोक असलेली कुंडी सगळ्यात चांगली. चकचकीत सिरॅमिकच्या कुंड्यांना बऱ्याचदा भोकच नसतं. ती हवीच असेल तर झाडाची कुंडी तिच्या आत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

मिश्रणात काळी माती अजिबात नको, ती केळीला आणि कपाशीला ठेवा. कोकोपीट एक भाग, चाळलेलं जुनं गांडूळखत अर्धा भाग, आणि निचऱ्यासाठी दीड ते दोन भाग भरड. भरड म्हणजे वाळूचा बारीक चाळ उडवून उरलेली जाड वाळू, किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे. वीटभट्टीवर किंवा बांधकामाजवळ हे फुकट मिळतात. सिमेंट लागलेले घेऊ नका. पर्लाइट मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी ऑनलाइन पैसे घालवायची गरज नाही.

सडवणाऱ्या बुरशीला रोखण्यासाठी कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पुडी आणा आणि मिश्रणात कालवा. पुडीवरची मुदत बघून घ्या, जिवंत बुरशी असते ती. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी वापरू नका, पहिलं दुसऱ्याला मारून टाकतं. आणि ट्रायकोडर्मा सडलेलं खोड परत टणक करत नाही, पुढची सड थोपवायला मदत करतो, एवढंच.

लावल्यावर एकदा हलकं पाणी, मग काडी कोरडी येईपर्यंत काही नाही. पानं आणखी गळतील. मुळं कापली आहेत, तेवढी पानं त्यांना पोसवत नाहीत. घाबरून खत घालू नका.

टोकं तपकिरी आणि मातीवर पांढरा थर

खोड टणक आहे, पाणीही बेतानं घालता, तरी पानांची टोकं जळाल्यासारखी होतात आणि मातीवर, कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो. तुमच्या कूलरच्या जाळीवर सीझन संपता संपता जो खर बसतो तोच हा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे हमखास असतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि शेवटी मुळांना पाणी ओढणंच जड जातं.

याच्यात भर पडते ती काटकसरीमुळे. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, पण फिल्टरने गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तर त्याहून वाईट, दिवसभर बाष्पीभवन होऊन आटलेलं. घरात एसी असेल तर त्याच्या पाइपातून ठिबकणारं पाणी मात्र झाडाला चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात.

उपाय म्हणजे धुणं. कुंडी मोरीत ठेवा आणि कुंडीच्या तीन-चार पट पाणी हळूहळू, थांबत थांबत ओतून वाहू द्या. हे पावसाच्या पाण्याने केलं तर सोनं. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन निघाली की पुढचं पाणी पिंपात धरा आणि झाकण घट्ट लावा, नाहीतर डासांची सोय होते. वर्षातून दोनदा, श्रावणात कानबाईच्या सुमारास एकदा आणि होळीच्या आधी एकदा, एवढं धुणं पुरतं. निचरा चांगला नसेल तर आधी मिश्रण बदला, मगच धुवा. चिकण मातीत हे केलं तर पुन्हा सडीकडेच वाटचाल.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता. लिंबू-मोसंबीवाल्यांना हे चित्र ओळखीचं असेल. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, खाऱ्या-चुनखडी पाण्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. चिलेटेड फेरस (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) पुडीवरच्या प्रमाणात, आणि पाणी बदला.

जागा

पूर्वेची खिडकी मिळाली तर दुसरं काही शोधू नका. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते जून दुपारनंतरचं ऊन काचेतून येऊन पानावर कोरडे तपकिरी चट्टे पाडतं. पडदा लावा किंवा चार-पाच फूट आत सरकवा. उलट टोकाला वास्तूवाले असतात. धनाच्या कोपऱ्यात झाड हवं, आणि तो कोपरा नेमका जिन्याखाली किंवा कपाटामागे येतो. उजेड नाही तिथे झाड पाणी पीत नाही, माती वाळत नाही, आणि मग वर सांगितलेली सगळी कथा. श्रद्धेला हात न लावता एवढंच सुचवतो की कोपऱ्यात ट्यूबलाइट लावून ती दिवसा आठ-दहा तास चालू ठेवा, किंवा झाड त्याच दिशेच्या खिडकीत न्या.

कूलर सुरू असलेल्या खोलीतली दमट हवा झाडाला आवडते, पण थेट झोत नको. झोतासमोर पानं सतत फडफडतात आणि कडा सुकतात. जागा ठरली की ठरली. दर आठवड्याला पाहुण्यांप्रमाणे झाड हलवलं तर ते प्रत्येक वेळी थोडी पानं टाकतं. फक्त पंधरा दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, त्या रात्री उघड्या खिडकीतून कुंडी आत घ्या.

कीड

एप्रिल-मेमध्ये पानांवर फिकट बारीक ठिपके आणि पानामागे तलम जाळं दिसलं तर तो लाल कोळी. कोरडी हवा त्याला मानवते. इथे एक कळकळीची सूचना: शेतावरून कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध घरी आणून मनी ट्रीवर मारू नका. घरात ते विषच. शिवाय कोळी हा कीटक नाही, इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकाने तो मरत नाही, उलट कधी कधी वाढतो. पानांची मागची बाजू पाण्याच्या धारेने धुवा, संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा, आठवड्याने परत करा. पिठ्या ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढा. वेणीच्या फटी विसरू नका, तिथेच लपतो. मातीवर काळ्या चिलटांचा घोळका उडत असेल तर औषध शोधू नका, माती वाळू द्या.

खत फक्त बऱ्या झाडाला, जून ते सप्टेंबर, महिन्यातून एकदा, शेतातलं १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम. युरियाची चिमूट कुंडीत टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, टाकू नका.

खोड गेलंच असेल तर

बुडाचं सगळं मऊ झालं पण वरचा शेंडा हिरवा आणि टणक असेल तर झाड संपलेलं नाही. सडीच्या चार बोटं वर कापा. काप पांढुरका-हिरवा दिसेपर्यंत वर वर कापत जा, तपकिरी ठिपका राहिला तर सड त्याच्याबरोबर येते. वरची दोन-तीन पानं ठेवा, बाकीची काढा, एक दिवस सावलीत सुकवा आणि ओलसर वाळूत लावा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत मुळं लवकर धरतात, मे महिन्यात हा खटाटोप बहुधा वाया जातो. फांदीपासून केलेल्या झाडाला बुडाशी तसा फुगीर कांदा येत नाही, ते सडपातळ वाढतं. दिसायला कमी, पण ते तुमच्या पाण्याला आणि जागेला रुळलेलं असतं.

नवं घ्यायचंच असेल तर पावसाळा संपता संपता घ्या, एप्रिलमध्ये नको. दुकानात झाड उचलण्याआधी प्रत्येक खोड मातीलगत दाबा, आणि वेणी धरून हलकेच हलवा. कुंडीत डुगडुगत असेल तर दुकानदाराने कितीही भाव कमी केला तरी ते तिथेच ठेवा. घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काही पानं गळतील, ती गळू द्या. त्या काळात कुंडी बदलू नका, फक्त वरची माती बाजूला सारून आत जाळी किंवा तार आहे का ते बघून ठेवा.